मृगाच्या आधीचे चौदा दिवस: २३ मे ते ५ जून, देशात कुठे जावं?

गोदाकाठ | ८ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दरवर्षी मे महिन्यात इथे "कुठे जाऊ" असे धागे निघतात, ते मी वाचत आलेय. यंदा माझाच प्रश्न आहे, आणि त्यात तारखा हलवायला जागा नाही.

आम्ही नाशिकचे पाच जण. मी, नवरा, दहावीत जाणारी मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण मनानं त्या आमच्यात सगळ्यात उत्साही. मुलीचे क्लास जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात, नवऱ्याला सुट्टी २३ मे ते ५ जून एवढीच मिळतेय. पुढची दोन वर्षं मुलीच्या परीक्षांची. त्यामुळे सगळ्यांनी मिळून जायचं तर हेच चौदा दिवस.

गेल्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका टूर कंपनीबरोबर उत्तरेतल्या एका प्रसिद्ध थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. शेवटच्या अठरा किलोमीटरला सात तास लागले. गाडीत बसून सासूबाईंचे पाय सुजले. हॉटेलवर पोचलो तर नळाला पाणी नाही, संध्याकाळी टँकर येईल म्हणाले. आईंनी (सासूबाईंनी) एका शब्दानं तक्रार केली नाही, पण मला अजून वाईट वाटतं. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही, म्हणून अडीच महिने आधी विचारतेय.

घरात चार मतं आहेत. मुलीला मेघालय, मुलाला बर्फ, नवऱ्याला केरळ. आईंना केदारनाथ. माझं मत अजून ठरलेलं नाही. त्या दिवसांत कुठल्या भागात हवा कशी असते, रस्ते कसे असतात, हे जाऊन आलेल्यांनी सांगावं. हॉटेलांची नावं नकोत, हवामानाचं सांगा.

---

वळीव | ८ मार्च, रात्री ११:१५

ताई, आधी ठिकाण आणि मग तारखा असं बहुतेक जण करतात. तुमच्या तारखा पक्क्या आहेत हे एका अर्थी बरंच झालं, कारण मेची १० तारीख आणि मेची ३० तारीख हे देशाच्या निम्म्या भागात दोन वेगळे ऋतू असतात.

मी शेती खात्यात नोकरी केली, पावसाच्या तारखा डोक्यात बसल्यात. मान्सून केरळात येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून. ईशान्येत आणि गोव्यात ५ जूनच्या सुमारास, मुंबईत ११ जून, दिल्लीत २७ जून, आणि सगळा देश व्यापायला ८ जुलै. म्हणजे पाऊस दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून चढत येतो, वायव्येचा कोपरा सगळ्यात शेवटी भिजतो. तुमचे चौदा दिवस बरोबर या चढाईच्या तोंडावर आहेत.

त्यात या तारखा सरासरीच्या आहेत. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला होता. म्हणजे तुमच्यासारख्या तारखा घेऊन त्या वर्षी कोकणात किंवा केरळात गेलेल्यांना पहिल्या दिवसापासून छत्री उघडावी लागली.

आता उरला उन्हाचा भाग. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, विदर्भ यांची सगळ्यात जास्त तलखी याच दिवसांत. देशातलं आजवर नोंदलेलं सर्वाधिक तापमान राजस्थानातल्या फलोदीचं, १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. अशा वेळी उपाय एकच, उंची. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. डोंगरपायथ्याच्या पठाणकोटला ४२ असेल तेव्हा दोन हजार मीटरवरचं गाव तिशीच्या आसपास असतं, आणि रात्री स्वेटर लागतो.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर तुमच्या तारखांना उत्तर निघतं ते पश्चिम हिमालय, उंची १८०० ते २५०० मीटर. त्याच्या खाली ऊन, आणि त्याच्या फार वर आईंच्या तब्येतीला त्रास. कुठलं गाव, ते तिकडे फिरणारे सांगतील.

---

झुंजूरका | ९ मार्च, सकाळी ७:०५

वळीवकाकांशी सहमत, पण केरळ एकदम बाद करू नका. मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम मे अखेरीस गेले होते, मान्सून येताना बघायला. समुद्रावर क्षितिजाशी काळी भिंत उभी राहते आणि वारा एकदम फिरतो. आयुष्यात एकदा तरी बघावं असं आहे. शिवाय तेव्हा राहण्याचे दर उतरलेले असतात, गर्दी नसते.

---

वळीव | ९ मार्च, सकाळी ८:३०

झुंजूरका, तुम्ही लिहिलंय ते खरं आणि सुंदर आहे. पण पाऊस बघायला गेलेला माणूस आणि मुन्नारला चहाचे मळे बघायला गेलेलं कुटुंब, या दोघांच्या अपेक्षा वेगळ्या. चार दिवस धुकं आणि धार लागली तर दहा वर्षांचं पोर आणि गुडघे दुखणाऱ्या आजी खोलीतच बसणार. घाटात दरडीही असतात.

---

कावेरीकाठ | ९ मार्च, दुपारी १:२०

बंगळुरात पंधरा वर्षं राहतोय, म्हणून दक्षिणेचं लिहितो. आमच्याकडचा खरा उन्हाळा मार्च-एप्रिल. एप्रिल-मेमध्ये आंबेसरी येतात, म्हणजे संध्याकाळी गडगडाट, तासभर पाऊस आणि मग गार. कूर्गला मार्च-एप्रिलच्या अशाच सरी कॉफीची फुलं उमलवतात. पण मे संपता संपता कूर्ग, चिकमगळूर, वायनाड इथे जळवा निघायला लागतात आणि पायवाटा निसरड्या होतात.

उटी (२२४० मीटर) आणि कोडाईकनाल घाटाच्या पूर्वेच्या बाजूला असल्यानं तिथे नैऋत्य मान्सूनचा जोर तुलनेनं कमी. हवा छान असते, गर्दी मात्र भयंकर. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं ७ मे २०२४ पासून दोन्हीकडे जाणाऱ्या गाड्यांना ई-पास घ्यावा लागतो. खासगी गाडीनं जाणाऱ्यांनी तो आधी काढावा, नाक्यावर जाऊन खोळंबू नये.

नाशिकहून इतकं लांब येऊन पुन्हा गर्दीतच उभं राहायचं असेल, तर मी म्हणेन दक्षिण डिसेंबरसाठी ठेवा.

---

पोफळबाग | ९ मार्च, संध्याकाळी ६:४५

दापोलीजवळ आमची वाडी आहे. ताईंनी कोकणाचं नाव घेतलेलं नाही, पण नाशिक-पुण्याची पुष्कळ माणसं ऐनवेळी "चला, कोकणात जाऊ" करतात, म्हणून लिहितो.

मेच्या २० तारखेपर्यंत या. हापूस उतरणीला लागलेला असतो, पण फणस, जांभळं, करवंदं, रातांबे भरपूर. २० नंतर इथे आगोटची धांदल सुरू होते. घरं शाकारायची, लाकडं आत घ्यायची, कोकमं वाळवायची, सांडगे-पापड डब्यात भरायचे. होड्या ओढून वर घेतात आणि त्यांच्यावर झावळ्या घालतात. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरची प्रवासी होड्यांची आणि जलक्रीडांची परवानगी बंद होते, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ला बघायला म्हणून आलात तर तो किनाऱ्यावरूनच बघायचा. तारीख सरकारी असली तरी कारण खरं आहे. त्या दिवसांत समुद्राला ओढ असते, लाट वरून शांत दिसते आणि पायाखालची वाळू काढून नेते. दरवर्षी बाहेरगावची मुलं बुडून जातात. कृपा करून स्थानिक माणूस "आत जाऊ नका" म्हणाला तर ऐका.

उकाड्याचं म्हणाल तर पारा ३४ दाखवतो आणि जीव ४२ असल्यासारखा कासावीस होतो. घाम सुकतच नाही. हवामान खातं मैदानात ४० अंश गाठल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर ३७ लाच, ते उगाच नाही.

आणि ३ जून. आम्ही ती तारीख विसरत नाही. २०२० साली त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आलं. माझ्या आजोबांनी लावलेले माड आणि पोफळी दुपारच्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. पोफळीचं झाड लावल्यावर उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेतं, म्हणजे ज्यांनी लगेच लावली त्यांच्या हातात आत्ता कुठे काही पडतंय. त्याच्या पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते. मे अखेर आणि जूनची सुरुवात हे अरबी समुद्रात वादळं उठण्याचे दिवस आहेत. त्या काळात किनाऱ्यावर येणारच असाल तर हवामान खात्याचं रोजचं पत्रक बघूनच घर सोडा.

---

संत्रानगरी | ९ मार्च, रात्री १०:१०

आमच्या नागपुराकडून उन्हाचं सांगतो. २५ मेपासूनच्या नऊ दिवसांना आम्ही नवतपा म्हणतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही जी. आमच्याकडे यायला कोणी सांगणार नाही, पण उत्तरेत कुठेही जा, रेल्वे तुम्हाला याच भट्टीतून नेणार आहे. भुसावळ, खांडवा, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा. ठिकाण थंड म्हणून लोक खूश असतात आणि जाता-येताचे दोन दिवस विसरतात. ऊन लागतं ते तिथेच.

आजींसाठी वातानुकूलित डब्याचंच तिकीट काढा, पैसे दुसरीकडे वाचवा. स्लीपरमध्ये दुपारी खिडकीतून झळा येतात, पत्रा तापतो, पंखा गरम हवा फेकतो. मी आईला एकदा तसं नेलं होतं, ग्वाल्हेरला उतरवून सलाइन लावावं लागलं. पन्ह्याचा गर, मीठ-साखर, ओआरएसची पाकिटं हाताशी ठेवा. तहान लागायची वाट न बघता दर तासाला घोट घोट पाजा. म्हातारी माणसं संडासला जायला नको म्हणून पाणी पीत नाहीत, तिकडे लक्ष ठेवा.

विदर्भात त्या दिवसांत एकच गोष्ट बघण्यासारखी, ती म्हणजे ताडोबा. पाणवठे आटलेले असतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो. पहाटेची सफारी घ्यायची, दहाच्या आत परत. मंगळवारी बंद असतं. पण हे तुमच्या आजींसाठी नाही.

---

गोदाकाठ | १० मार्च, दुपारी ३:३०

संत्रानगरी, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी ठिकाणाचंच बघत होते. मनापासून आभार.

पोफळबाग, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणाल्या, त्यांना विचार, आता बाग कशी आहे?

---

पोफळबाग | १० मार्च, रात्री ८:००

आईंना नमस्कार सांगा. नवी झाडं डोक्याच्या वर गेलीत. माडांना अजून वेळ आहे.

---

ब्रह्मपुत्राकाठ | १० मार्च, रात्री ९:५०

गुवाहाटीत नोकरीला आहे, मूळची सांगलीची. ताईंच्या मुलीसाठी लिहिते, कारण तिला नाराज करणारं उत्तर आहे.

पूर्व भारतात मार्च ते मे वादळी पाऊस असतो. बंगालात त्याला कालबैसाखी म्हणतात, आसामात बोरदोईसिला. तासाभराचा खेळ, पण झाडं पडतात, वीज जाते, विमानं वळवतात. त्यातून बाहेर पडतोय तोवर मान्सून. चेरापुंजी आणि मौसिनराम जूनमध्ये जगातल्या सर्वांत ओल्या जागा असतात, हे शाळेत शिकलोय, पण तिथे उभं राहिल्यावर कळतं की धबधबा फक्त ऐकू येतोय, समोर पांढरं धुकं. नोंग्रियाटचा जिवंत मुळांचा दुमजली पूल बघायला तीन हजारांवर पायऱ्या उतराव्या लागतात, ओल्या शेवाळात. आजींना तर नाहीच, तुम्हालाही जड जाईल. काझीरंगा अभयारण्य मेमध्ये बंद होतं ते ऑक्टोबराच्या सुमारासच उघडतं. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर यांना इनर लाइन परमिट (प्रवेशाचा परवाना) लागतं ते वेगळंच.

तुमच्या मुलीला सांगा, बारावी झाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ये, मी स्वतः फिरवीन. तेव्हा आकाश धुतलेलं असतं, पाण्याला जोर असतो आणि डावकीच्या उमंगोट नदीचा तळ दिसतो. जूनमध्ये तीच नदी गढूळ वाहते.

---

तिस्तापार | ११ मार्च, सकाळी १०:२५

वरच्या प्रतिसादाला जोडून सिक्कीमचं सांगतो, कारण "मग सिक्कीमला जाऊ" असं पुढचं वाक्य नेहमी येतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्ता नदीला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं. उत्तर सिक्कीमचे रस्ते तेव्हापासून नाजूक आहेत. जून २०२४ च्या मध्यावर सततच्या पावसानं दरडी कोसळल्या आणि लाचुंगला बाराशेहून अधिक पर्यटक अडकले. त्यांत मी आणि बायको होतो. पाच दिवस. फोन लागत नव्हता, घरचे हवालदिल. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांनी शेवटच्या तीन दिवसांचे पैसे घेतले नाहीत, स्वतःच्या घरातला तांदूळ आम्हाला शिजवून घातला. परत येताना काही ठिकाणी वाहून गेलेल्या रस्त्यावरून पायी चालत, लाकडाच्या ओंडक्यांवरून उतरत यावं लागलं. जवान आणि गावकरी हात धरून पलीकडे नेत होते. आमच्यापुढे सत्तरीचे एक गृहस्थ होते, त्यांना पाठीवर घेऊन नेलं.

लोक फार चांगले आहेत, पुन्हा जाणार आहे. पण मे अखेरीनंतर नाही, आणि वयस्कर माणसांना घेऊन तर नाहीच. तुम्ही म्हणाल आमच्या तारखा त्याच्या आधीच्या आहेत. हो, पण डोंगर मेच्या सरींनीच भिजून बसलेला असतो.

---

पहाडवाट | ११ मार्च, रात्री ९:१५

आता माझा प्रांत. गेली अकरा वर्षं दर उन्हाळ्यात पश्चिम हिमालयात जातो, कधी चालायला, कधी नुसता राहायला.

उत्तराखंडापासून सुरू करतो. कुमाऊंला मे महिन्यात वणव्यांचा त्रास असतो. चीडाच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, त्या पेट घेतात. २०२४ च्या एप्रिल अखेरीस नैनितालजवळ इतकी आग पसरली की हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं भीमतालच्या तलावातून पाणी उचलून टाकलं. पाऊस झाला नाही तर मे अखेरीस हवा धुरकट असते आणि कौसानीला जाऊनही हिमशिखरं दिसत नाहीत. शिवाय १५ जूनच्या कैंची धामच्या उत्सवाआधीपासून भवालीच्या रस्त्यावर कोंडी होते.

हिमाचलात सिमला आणि मनाली तुमच्या तारखांना टाळा. सिमल्यात २०१८ च्या मे अखेरीस पाण्याची अशी टंचाई झाली होती की रहिवासीच पर्यटकांना "येऊ नका" म्हणत होते. मनालीला रोहतांग खिंडीसाठी दिवसाला १२०० गाड्यांनाच परवाना मिळतो, म्हणून बाकी सगळी गर्दी अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाते. बोगदा नऊ किलोमीटरचा, दहा-बारा मिनिटांत पार होतो, पण त्याच्या तोंडापर्यंत पोचायला अर्धा दिवस. बर्फ म्हणून जे दाखवतात ते रस्त्याच्या कडेचं काळपट ढेकूळ असतं. मुलाला आधीच सांगून ठेवा.

माझा सल्ला, चंबा खोरं. डलहौसी सुमारे १९७० मीटरवर, वळीवकाका म्हणतात त्या पट्ट्यात. पठाणकोटपासून ऐंशी-एक किलोमीटर, म्हणजे रेल्वेतून उतरल्यावर तीन-साडेतीन तास. मनालीसारखा दिवसभराचा गाडीप्रवास नाही. गर्दी असते, विशेषतः शनिवार-रविवारी जवळच्या खज्जियारच्या कुरणावर पंजाबातून खूप गाड्या येतात, तर खज्जियार मंगळवार-बुधवारी करा आणि सकाळी आठच्या आत पोचा. काळाटोपच्या देवदारांतला रस्ता सपाट आहे, आजी हळूहळू चालू शकतील. चंबा गाव खाली हजार मीटरवर आहे, तिथे दुपारी ऊन लागतं, पण दहाव्या शतकातलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे, तिथे सकाळी जाऊन या. आजींना आवडेल. चंबा रुमालाचं दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं भरतकामही दाखवा त्यांना.

हवा: दिवसा २२ ते २८, रात्री १२-१५. दुपारनंतर ढग जमतात. पश्चिमी झंझावात आला तर गडगडाट, गारा आणि एकदम थंडी. म्हणून बाहेरचं सगळं दुपारी दोनच्या आत उरकायचं. वरची साच पास ही खिंड तेव्हा बहुधा बंदच असते, त्यामुळे कोणी ड्रायव्हर "बर्फ दाखवतो" म्हणाला तर भुलू नका.

एकाच गावी निदान सहा रात्री राहा. रोज सामान बांधून गाव बदललं की मुलं चिडचिडी होतात आणि वयस्कर माणसं थकतात.

---

सियाचीनहून | १२ मार्च, सकाळी ६:२०

लष्करात वैद्यकीय सेवेत होतो, आता निवृत्त. लेह-लडाख कोणी सुचवायच्या आधी सांगतो. तुमच्या तारखांना तिथे पाऊस नसतो, आकाश निळं असतं, हे सगळं खरं. पण लेह ३५०० मीटरवर आहे आणि विमान तुम्हाला दीड तासात तिथे टाकतं. धडधाकट माणसानंही पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. ७१ वर्षं आणि रक्तदाब असताना मी परवानगी देणार नाही.

केदारनाथही ३५८३ मीटरवर आहे. लेहला विश्रांती तरी घेता येते, केदारला लोक एका दिवसात चढतात आणि थंडीत रांगेत उभे राहतात. छातीत भरून येणं, खोकला, बसल्याजागी धाप ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही, ताबडतोब खाली उतरायचं. त्यासाठी घोडा किंवा हेलिकॉप्टर त्या क्षणी मिळेलच असं मे-जूनच्या गर्दीत सांगता येत नाही.

आणखी एक. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचं प्रमाण वाढवतात. कडक उन्हात आणि प्रवासात त्यामुळे अंगातलं पाणी, मीठ झपाट्यानं कमी होतं. निघण्याआधी आठवडाभर आजींना त्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन हा एकच प्रश्न विचारा, आणि ओआरएस किती चालेल तेही. गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

---

गोदाकाठ | १२ मार्च, रात्री १०:३०

आज संध्याकाळी सगळे बसलो. मेघालयाचं ऐकून मुलगी थोडी रडवेली झाली, पण "मी फिरवीन" हे वाचून तिनं तो प्रतिसाद आपल्या वहीत उतरवून घेतला. नवरा लगेच तयार झाला.

आईंचा प्रश्न अवघड होता. केदारनाथ त्यांच्या मनात खूप वर्षांपासून आहे. बाबांबरोबर (सासऱ्यांबरोबर) जायचं ठरलं होतं आणि ते गेले. मी त्यांना "जमणार नाही" असं कसं सांगू, ते समजत नाही.

---

पहाडवाट | १२ मार्च, रात्री ११:२०

"नाही" म्हणू नका, "आत्ता नाही" म्हणा. मे-जून ही केदारची सगळ्यात गर्दीची वेळ. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास यात्रा सुरू होते आणि शाळांच्या सुट्ट्या त्यातच येतात. पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबर अखेर ते भाऊबीज, ज्या दिवशी मंदिराचं दार बंद होतं, तेव्हा माणसं कमी, हवा स्वच्छ. थंडी असते, पण रांग नसते. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे आणि हेलिकॉप्टरचं तिकीट आयआरसीटीसीच्या साइटवरच मिळतं. मधल्या कुणाला पैसे देऊ नका, त्यात फार फसवणूक होते.

आणि डलहौसीला आजी सहा दिवस कशा राहतात, किती चालतात, रात्री झोप कशी लागते, हे बघा. तोच त्यांचा सराव. मग त्यांच्या डॉक्टरांना विचारून ऑक्टोबरचं ठरवा.

---

सियाचीनहून | १३ मार्च, सकाळी ६:०५

पहाडवाट यांच्याशी सहमत. तपासण्या करून, वाटेत गुप्तकाशीला दोन रात्री थांबून, विचार करता येईल.

---

रूळमार्गी | १३ मार्च, सकाळी ९:००

ताई, तिकिटाचं बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. २३ मेच्या गाडीसाठी २४ मार्चला सकाळी आठला. झेलम एक्स्प्रेस पुण्याहून निघून मनमाडमार्गे पठाणकोट छावणीला जाते, नाशिकहून मनमाडला रात्री पोचायचं. दुसऱ्या दिवशी झाशी-ग्वाल्हेर भर दुपारी लागतं, संत्रानगरी म्हणतात ते अगदी बरोबर, तेव्हा थ्री-टायर एसी. आजींच्या नावासमोर ज्येष्ठ नागरिक निवडलंत तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, पण एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त प्रवासी असले, किंवा त्या वयात न बसणारं कुणी असलं, की तो कोटा लागू होत नाही. म्हणून आजींचं तिकीट वेगळं काढा. परतीचंही त्याच्या त्याच्या तारखेला साठ दिवस मोजून काढायचं.

---

गोदाकाठ | २४ मार्च, सकाळी ८:२०

पाचही पक्की! दोन खालचे बर्थ मिळाले. रूळमार्गी, दोन तिकिटांची युक्ती तुमचीच.

---

गोदाकाठ | ७ जून, रात्री ९:००

परवा परत आलो. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितेय, थकलेय पण उद्यावर टाकवत नाही.

झेलममध्ये झाशीला दार उघडलं तेव्हा भट्टीचं झाकण काढल्यासारखं वाटलं. डब्यात मात्र आई आरामात. दर तासाला मुलगा घड्याळ बघून त्यांना पाणी द्यायचा, ते काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. डॉक्टरांनी प्रवासातल्या दिवसांसाठी गोळीची वेळ बदलून दिली होती. सियाचीनहून, तो प्रश्न विचारायला सांगितलात, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत.

डलहौसीला सात रात्री एकाच घरात राहिलो. सकाळी स्वच्छ, दुपारी ढग, रोज जवळपास तसंच. खज्जियारला बुधवारी सात वाजता पोचलो, तेव्हा सगळ्या कुरणावर आम्ही आणि मेंढ्या. साडेदहाला निघालो तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. ३० मेला दुपारी गारा पडल्या. वाटाण्याएवढ्या, दहा मिनिटं, अंगण पांढरं झालं. मुलानं ओंजळीत गोळा करून "मिळाला बर्फ" म्हणून ओरडत घरभर दाखवला. घरमालकीणबाई मात्र गप्प होत्या. त्यांच्या भावाची वर सफरचंदाची बाग आहे, बारीक फळं धरलेली असताना गारा म्हणजे वर्षाचं नुकसान. मग आम्हीही गप्प झालो.

काळाटोपच्या रस्त्यावर आई पहिल्या दिवशी अर्धा किलोमीटर चालल्या, सहाव्या दिवशी दोन. मध्ये तीनदा बसून. चंब्याला लक्ष्मीनारायणासमोर बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ऑक्टोबरचं विचार गं तुझ्या त्या डॉक्टरांना."

सियाचीनहून, कुठल्या तपासण्या करून घेऊ? नाशिकला आज पहाटे पहिला पाऊस झाला.